ब्रेक म्हणजे चहाची सुट्टी नव्हे

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "सावंतबाई, तुम्ही इतकी वर्षं कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होता. नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींना उपयोगी पडेल असं काहीतरी लिहा ना. जरा हसतखेळत."

उपयोगी पडेल असं लिहीन, पण हसतखेळत जमेलसं वाटत नाही. नोकरी कशी मिळवावी आणि कशी टिकवावी, यावर मी आयुष्यात एकच व्याख्यान ऐकलं. ते आठवलं की अजून माझी कानशिलं तापतात. ते देणारा माणूस रोज ऑफिसात बसून काय करत असे आणि भर सभेत त्याला प्रश्न विचारणाऱ्या मुलीचं पुढे काय झालं, एवढंच मी सांगणार आहे. त्यातून काय शिकायचं ते ज्याने त्याने शिकावं.

आमची औषधांची कंपनी अंधेरी पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत होती. मी घाटकोपरला राहायची. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आजच्या मुलांना टेलिफोन बोर्ड म्हणजे काय हे सांगावं लागेल. एक उभं लाकडी कपाट समजा. त्यावर भोकांच्या रांगा. काही भोकं बाहेरच्या लाइनींची, बाकीची साहेब लोकांच्या टेबलांवरच्या फोनची. समोर दोऱ्या, त्यांच्या टोकाला पितळी प्लग. बाहेरून फोन आला की त्या लाइनीचं इवलंसं शटर खट्‌कन पडायचं. एक प्लग तिथे खुपसायचा, कोण हवंय ते विचारायचं, दुसरा प्लग त्या माणसाच्या भोकात घालून घंटी द्यायची. बोलणं संपलं की दोन्ही दोऱ्या काढायच्या. ऐकायला सोपं वाटतं. एकाच वेळी सात-आठ शटरं पडतात, एक डॉक्टर ओरडत असतो, डायरेक्टरना वापीच्या कारखान्याशी बोलायचं असतं, तेव्हा कळतं.

परगावी बोलायचं म्हणजे ट्रंक कॉल. एक्स्चेंजला नंबर नोंदवायचा आणि लाइन मिळेपर्यंत वाट बघत बसायचं. ऑर्डिनरी, अर्जंट, लायटनिंग असे प्रकार असत. प्रत्येक साहेबाला आपला कॉल लायटनिंगच वाटायचा. नागपूरचे आमचे एक विक्री प्रतिनिधी हेड ऑफिसला कॉल लावायचे आणि साहेब लाइनवर यायच्या आत मला घाईघाईने म्हणायचे, "बाई, माझ्या बायकोला डोंबिवलीला निरोप द्या, मी शनिवारी येतोय." मी द्यायची. त्या बाईंना मी कधी पाहिलं नाही, पण त्यांच्या मुलाचे दात कधी आले ते मला ठाऊक होतं.

बोर्डावर आम्ही दोघी. माझ्या जोडीदारणीचं लग्न ठरलं आणि ती गेली. गेली म्हणजे तिला सुचवण्यात आलं. आमचे पर्सोनेल मॅनेजर दळवी साहेब असं सुचवण्यात पटाईत होते. आवाज कधी चढवायचे नाहीत. नेहमी इस्त्रीचा सफारी, नेहमी "बसा ना". माणसाला घरी पाठवतानाही "बसा ना" म्हणायचे.

तिच्या जागी मुलगी घ्यायची ठरली, तेव्हा आवाज पारखायला त्यांनी मला इंटरव्ह्यूला बसवलं. त्या दिवशी मी जे पाहिलं त्यानेच माझं डोकं पहिल्यांदा फिरलं. प्रत्येक मुलीला विचारायचे, "लग्नाचं काय?" एक मुलगी मानखुर्दची होती. काय आवाज होता! शांत, स्वच्छ, ऐकत राहावा असा. ती बाहेर गेल्यावर मी म्हटलं, "साहेब, हीच." त्यांनी तिच्या अर्जावर बोट ठेवलं. "पत्ता बघा, सावंतबाई. झोपडपट्टी आहे. आपल्या कंपनीला शोभेल का?" फोनवर पत्ता कुठे दिसतो, हे मी त्यांना विचारलं. ते हसले आणि पुढची मुलगी बोलावली.

ती ब्रिजेट डिमेलो. नाव वाचूनच साहेब खूष. मला हळूच म्हणाले, "ख्रिश्चन मुलगी. इंग्लिशची काळजी मिटली." तिला दोन-तीन प्रश्न विचारले, तिने "येस सर", "नो सर", "थँक यू सर" म्हटलं आणि टेंपररी म्हणून लागलीसुद्धा.

पहिल्या दिवशी माझ्या शेजारी बसल्यावर ती कुजबुजली, "सावंतबाई, माना इंग्लिश जास्त येत नाय हो. मी मराठी शाळेतली. साहेबांनी विचारलाच नाय."

मी एवढी हसले की हेडसेट घसरला.

ब्रिजेट मरोळच्या गावठाणातली. तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलतात, चर्चमध्ये प्रार्थनाही मराठीत. पुढे मी त्यांच्या घरी जेवायला गेले, तेव्हा तिची आई मला म्हणाली, "बाई, तुमची कंपनी हाय ना, तिथं आमचा भात पिकायचा. तुमची कॅन्टीन हाय ना, तिथं आमची विहीर व्हती. वसाहत झाली तवा सांगितलेला, पोरांना नोकऱ्या लागतील." तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. तो तेव्हापासून माझ्यात आला.

बोर्डावरचं इंग्रजी म्हणजे वीस-पंचवीस वाक्यं. तेवढी मी तिच्याकडून घोटून घेतली. इंग्रजी येत नाही म्हणून अर्जच न करणाऱ्यांना मी आजही हेच सांगते. सगळी भाषा कुणालाच येत नसते. त्या कामाला लागणारी वाक्यं कुठली ते शोधा आणि तेवढी झोपेत विचारली तरी म्हणता येतील अशी करा. ब्रिजेटने ती दोन आठवड्यांत केली. बाकीचं तिच्या अंगातच होतं. माणूस चिडलाय की घाबरलाय, हे तिला त्याच्या पहिल्या "हॅलो"वरून कळायचं. चिडलेल्याला आधी बोलू द्यायची, घाबरलेल्याशी आधी स्वतः बोलायची.

आणि मग एक दिवस दळवी साहेबांनी तिला बोलावून सांगितलं, "पुढच्या आठवड्यापासून ब्रेक घे."

ब्रेक म्हणजे चहाची सुट्टी नव्हे. टेंपररी माणसाने सलग ठरावीक दिवस काम केलं की त्याचा नोकरीवर हक्क तयार होतो. तो होऊ नये म्हणून ते दिवस भरत आले की त्याला घरी बसवायचं. थोड्या दिवसांनी नवं नियुक्तिपत्र देऊन परत बोलवायचं, म्हणजे मोजणी पुन्हा पहिल्यापासून. काम तेच, खुर्ची तीच, माणूस तोच. कायद्याने हे गैर होतं. पण बहुतेक ठिकाणी सर्रास चालायचं आणि चालवणारे लोक बोलायला फार सभ्य असायचे.

ब्रिजेट घरी बसली, परत आली. पुन्हा ब्रेक, पुन्हा परत. प्रत्येक वेळी साहेब म्हणायचे, "पुढच्या खेपेला नक्की बघू."

तिसऱ्या खेपेला एक मोठं संकट आलं. एका इंजेक्शनच्या बॅचवर भलतीच लेबलं लागून माल बाहेर पडला. गावोगावच्या डेपोंना फोन करून विक्री थांबवायची होती, तीही त्याच दिवशी. ट्रंकच्या लाइनी तुंबलेल्या. ब्रिजेटने सकाळी हेडसेट घातला तो अंधार पडल्यावर काढला. ट्रंकवरच्या मुलींना तिने "अगं ताई, औषध आहे गं, कुणाच्या अंगात जाईल" असं सांगून सांगून लाइनी मिळवल्या. मराठी, हिंदी, तिचं ते तोडकंमोडकं इंग्रजी, सगळं वापरलं. मी बाकीचा बोर्ड सांभाळत होते. शेवटचा डेपो लागला तेव्हा तिचा आवाज बसलेला. डायरेक्टर स्वतः खाली आले, म्हणाले, "वेल डन." दुसऱ्या दिवशी आमच्यासाठी मिठाईचा बॉक्स आला.

पुढच्याच आठवड्यात तिला ब्रेक दिला.

मी दळवी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. "बसा ना," ते म्हणाले. मी उभीच राहिले. "साहेब, अजून काय करायचं राहिलं त्या मुलीने?"

"सावंतबाई, पॉलिसी आहे. मनाला लावून घेऊ नका."

युनियनच्या सेक्रेटरीकडे गेले, तर तो म्हणाला, "टेंपररी लोक आपले मेंबर नाहीत, बाई. आपण कुठे पुरे पडणार?" तोही मला दळवींचा चुलतभाऊच वाटला.

त्याच सुमाराला मुलुंडला एका मंडळाने नोकरी मार्गदर्शनाचा कार्यक्रम ठेवला होता. माझी बहीण तिथे राहायची. तिच्या मुलाला नोकरी हवी होती, म्हणून तिने मलाही बोलावलं. प्रमुख वक्ते आमचे दळवी साहेब. मी ब्रिजेटला सहज सांगितलं, तर ती म्हणाली, "आपले साहेब हायत तर जाऊया ना. काहीतरी कळेल." तिला खरंच वाटत होतं की काहीतरी कळेल.

शाळेचा हॉल मुलांनी गच्च भरला होता. बरीच मुलं गिरणी कामगारांची. गिरण्यांचा संप लांबून घरं बसली होती आणि मुलांवर सगळं आलं होतं. आमच्याही घरात तेच. माझे यजमान गिरणीत होते, त्यांचा साचा, म्हणजे कापड विणायचा माग, थंड पडलेला. घर माझ्या पगारावर चालायचं.

साहेब छान बोलले. वक्तशीरपणा, नीटनेटके कपडे, नखं कापलेली असावीत, अर्ज स्वच्छ अक्षरात लिहावा. त्यातलं खोटं काही नव्हतं, मुलं लिहून घेत होती. मग म्हणाले, "पण खरं सांगू का? आपल्या मराठी मुलांना चिकाटीच नाही. सहा महिने झाले की कंटाळतात, नोकरी सोडतात आणि मग म्हणतात, आम्हाला कायम करत नाहीत."

माझ्या शेजारी ब्रिजेट उभी राहिली. मी तिचा हात धरला, तिने तो सोडवून घेतला.

"साहेब, मी ब्रिजेट. तुमच्या बोर्डावरची."

"अरे वा! बोल ना."

"मी नोकरी सोडलेली नाय, साहेब. तीन वेळा लागले, तीन वेळा ब्रेक मिळाला. आता पण घरीच हाय. चिकाटी अजून किती ठेवायची, ते तेवढं सांगा ना."

आधी मुलं हसली. मग सगळ्यांनी साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ, कुणाचे तरी वडील, वळून म्हणाले, "ब्रेक म्हणजे काय हो?"

"तो जरा तांत्रिक विषय आहे," साहेब म्हणाले, "आपण नंतर बोलू."

"तांत्रिक काय नाय, काका," ब्रिजेट त्या गृहस्थांना म्हणाली. "कायम करायला लागू नये म्हणून माणसाला मधेच घरी बसवतात. मग परत बोलवतात. त्याला ब्रेक म्हणतात."

मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळा हॉल वाजवायला लागला. साहेब पाणी प्यायले. कार्यकर्त्यांनी घाईघाईने आभार मानून कार्यक्रम गुंडाळला. त्या मुलांना त्या दिवशी खरं मार्गदर्शन मिळालं ते एवढंच.

ब्रेक संपायची वेळ आली, पण ब्रिजेटला बोलावणं आलं नाही. ती आपण होऊन गेटवर आली, तर वॉचमनने तिला आत सोडलं नाही. तो बिचारा मान खाली घालून म्हणाला, "ऊपर से ऑर्डर है, बेटी." वरच्या मजल्याच्या खिडकीतून मला ती दिसत होती. जवळच्या डबल रोटीच्या गाडीपाशी ती बराच वेळ उभी राहिली, मग गावठाणाच्या रस्त्याला लागली.

त्याच दुपारी दळवी साहेबांनी मला बोलावलं. "बसा ना, सावंतबाई. ब्रिजेटच्या कामाबद्दल दोन ओळी लिहून द्या. उद्धट बोलते, कॉल तोडते, इंग्लिश कच्चं आहे. एवढंच."

"इंग्लिश कच्चं होतं साहेब, तुम्ही घेतलंत तेव्हा. आता माझ्याइतकंच आहे."

"बाई, तुमच्या घरची परिस्थिती मला माहिती आहे. मिस्टर घरी आहेत ना सध्या?"

किती हळू आवाजात बोलले! ओरडले असते तर मी कदाचित घाबरले असते. त्या हळू आवाजाने माझं रक्त उसळलं. "लिहिणार नाही," म्हटलं आणि बाहेर आले.

घरी यजमानांना सांगितलं. ते चुलीपाशी, म्हणजे स्टोव्हपाशी, भाकरी थापत होते. संपापासून ते शिकले होते. भाकरी परतत आपल्या मालवणीत म्हणाले, "माझी गिरण गेली. तुझी नोकरी गेली तर बघूया काय तां. पण खोटां लिवन देव नको." एवढं बोलून त्यांनी मला ताट वाढलं.

माझी नोकरी गेली नाही. मी कायम होते, मला काढणं सोपं नव्हतं. मला बोर्डावरून उचलून डिस्पॅचमध्ये टाकलं. खोक्यांवर पत्ते चिकटवायचे. दिवसभर गोंदाचा वास आणि कुणाशी बोलणं नाही. आवाजावर पोट भरणाऱ्या बाईला ही शिक्षा कुणीतरी फार विचार करून शोधली असणार.

ब्रिजेटने मात्र गप्प बसायचं नाकारलं. कामगारांच्या केसेस चालवणारे एक वकील तिच्या पॅरिशच्या फादरनी शोधून दिले आणि तिने कामगार न्यायालयात दावा लावला. वकिलांनी मला विचारलं, "साक्ष द्याल का?" मी हो म्हटलं. ऑफिसातल्या बायका डबा खाताना माझ्यापासून लांब बसायला लागल्या. दोघीतिघी जिन्यात हळूच म्हणायच्या, "बरं केलंत हो." जिन्यातच.

तारखा पडत राहिल्या. वर्षं गेली. मधल्या काळात विमानतळाजवळच्या एका मोठ्या हॉटेलच्या बोर्डावर ब्रिजेटला नोकरी मिळाली. तिथे तिला आधी बोर्डावर बसवून काम बघितलं आणि मग नाव विचारलं. मलाही परत बोर्डावर आणलं होतं, कारण डायरेक्टरांचे ट्रंक कॉल अडकायला लागले होते.

साक्षीच्या दिवशी कंपनीच्या वकिलांनी मला विचारलं, "तुम्ही आजही याच कंपनीत आहात?"

"हो."

"म्हणजे ज्या कंपनीचं मीठ खाता, तिच्याविरुद्ध बोलायला आलात."

"मीठ मी घाटकोपरला वाण्याकडून आणते," मी म्हटलं. "कंपनी मला कामाचा पगार देते. ब्रिजेटच्या कामाबद्दल विचारा, सांगते."

आमचे वकील खाली बघून हसले. मी हसले नाही. लेबलांच्या त्या दिवसाची सगळी हकिगत मी तिथे सांगितली. बोलता बोलता रडू यायला लागलं, ते रागाचं होतं. दळवी साहेब मागच्या बाकावर घडी न मोडलेल्या सफारीत बसले होते.

निकाल ब्रिजेटच्या बाजूने लागला. अखंड नोकरी धरून तिला कामावर घ्या, असा हुकूम झाला.

ती आली त्या दिवशी नवी साडी नेसली होती, निळी. वॉचमनने उठून सलाम ठोकला. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून तिने हेडसेट घातला आणि संध्याकाळपर्यंत पूर्ण दिवस काम केलं. मधे नागपूरच्या त्या प्रतिनिधींचा कॉल आला. ते म्हणाले, "अहो, तुम्ही होता कुठे?" ती म्हणाली, "ब्रेकवर." आणि आम्ही दोघी खूप दिवसांनी पोट धरून हसलो.

सुटायच्या वेळेला ती मला म्हणाली, "चला, बाई, माझ्याबरोबर." दळवी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. ते म्हणाले, "बसा ना." ती उभी राहिली आणि राजीनामा त्यांच्यासमोर ठेवला. हॉटेलात ती आता हेड ऑपरेटर होणार होती.

साहेबांनी तो वाचला. त्यांना खरंच कळेना. "मग एवढी वर्षं भांडलीस कशाला?"

"तुम्ही मला काढलेलं, साहेब," ब्रिजेट म्हणाली. "मला माझ्या पायाने जायचं होतं."

मला वाटलं, आता तरी या माणसाला काही वाटेल. त्यांनी राजीनामा ट्रेमध्ये ठेवला, पेनाचं टोपण लावलं आणि मला म्हणाले, "सावंतबाई, सोमवारपासून नवीन मुलगी येईल. जरा शिकवून घ्या."

सोमवारी आली. मालाडची शुभांगी. केसात गजरा, घाईने चालत आल्यामुळे कपाळावर घाम. बसल्या बसल्या आनंदाने सांगायला लागली, "टेंपररी आहे बाई, पण साहेब म्हणाले, मन लावून काम केलं की कायम करतात."

बोर्डावर तीन शटरं पडली होती. चौथंही पडलं. मी हेडसेट काढून ठेवला.

"खुर्ची जवळ घे," मी तिला म्हटलं. "बोर्ड नंतर शिकू."